झपाटलेला २

'झपाटलेला २' हा २०१३ साली प्रदर्शित झालेला मराठी भय-विनोदी चित्रपट आहे. १९९३ सालच्या 'झपाटलेला' या चित्रपटाचा तो उत्तरभाग असून दोन्हींचे दिग्दर्शन महेश कोठारे यांनी केले आहे. मराठीतील पहिला त्रिमितीय चित्रपट म्हणून त्याची जाहिरात झाली होती. वीस वर्षांच्या अंतराने आलेला हा भाग प्रेक्षकांच्या अपेक्षेस कितपत उतरला, या प्रश्नाचे उत्तर त्याच्या तांत्रिक बाजूपेक्षा पहिल्या भागाच्या घडणीत शोधावे लागते.

पहिल्या भागाची घडण

तात्या विंचू हा कुख्यात गुंड बाबा चमत्कार या मांत्रिकाकडून मृत्युंजय मंत्र मिळवतो आणि पोलिसांच्या गोळीने मरता मरता आपला आत्मा एका बाहुल्यात घालतो. तो बाहुला लक्ष्या नावाच्या भोळ्या तरुणाच्या घरी येतो. पुन्हा मनुष्यदेह हवा असेल तर तात्याला लक्ष्याच्याच शरीरात शिरणे भाग असते.

गुन्हेगाराचा आत्मा बाहुल्यात शिरण्याची कल्पना 'चाइल्ड्स प्ले' (१९८८) या अमेरिकी चित्रपटात आधी येऊन गेली होती. तेथे बाहुल्याच्या तावडीत सापडतो तो एक लहान मुलगा. मुलाचे बोलणे मोठी माणसे मनावर घेत नाहीत, त्यामुळे तेथे भय वाढत जाते. कोठारे यांनी त्या जागी मिशी फुटलेला माणूस उभा केला आणि ती भूमिका लक्ष्मीकांत बेर्डे यांना दिली. बाहुला बोलतो, चालतो, सुरा उगारतो असे एक धडधाकट तरुण सांगत सुटतो आणि कोणी त्याचे ऐकून घेत नाही, यात भयाइतकेच हसू दडलेले आहे. बेर्डे यांची घाबरगुंडी, तुटक बोलणे आणि रडकुंडीचा चेहरा यांवर चित्रपटाचा अर्धा डोलारा उभा आहे.

उरलेला अर्धा बाहुल्यावर. तो शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी घडवला. त्यांचे वडील यशवंत पाध्ये हे शब्दभ्रमकलेतील आद्य कलावंतांपैकी एक आणि 'अर्धवटराव' हा बोलका बाहुला त्यांच्यापासून घराण्यात चालत आलेला. बोलक्या बाहुल्यांच्या खेळात बाहुला आगाऊपणे बोलतो. पण त्याचे बोलणे मालकाच्या पोटातून येते हे प्रेक्षकाला ठाऊक असते, म्हणून तो निर्धास्त हसतो. 'झपाटलेला'ने तो मालकच काढून टाकला. मुलांना ओळखीचा असलेला खेळ एकाएकी मालकाविना चालू लागला, आणि दिलीप प्रभावळकर यांच्या घोगऱ्या, दटावणाऱ्या आवाजाने त्यात विष कालवले.

उत्तरभाग

लक्ष्मीकांत बेर्डे यांचे १६ डिसेंबर २००४ रोजी निधन झाले. त्यामुळे उत्तरभागात लक्ष्याऐवजी त्याचा मुलगा आदित्य आला. ही भूमिका दिग्दर्शकाचे चिरंजीव आदिनाथ कोठारे यांनी केली. 'माझा छकुला' (१९९४) मधील बालकलाकार म्हणून प्रेक्षक त्यांना ओळखत होते. सई ताम्हणकर, सोनाली कुलकर्णी आणि मकरंद अनासपुरे हे अन्य प्रमुख कलाकार. इन्स्पेक्टर महेश जाधव म्हणून स्वतः महेश कोठारे, तात्याचा आवाज म्हणून प्रभावळकर आणि बाहुल्यामागे पाध्ये ही जुनी मंडळी परतली. संगीत अवधूत गुप्ते यांचे आहे.

बाहुल्याला वय नसते. वीस वर्षांनी परतलेला तात्या विंचू होता तसाच आहे आणि त्याच्यापुरती प्रेक्षकांची अपेक्षा पुरी होते. उणीव त्याच्या समोरच्या बाजूस भासते. आदित्य हा देखणा, सावध तरुण आहे. तो घाबरला तरी हसू येत नाही. हा अभिनेत्याचा दोष म्हणता येणार नाही, कारण कथेनेच त्याला ती संधी नाकारली आहे. बाहुला जिवंत असल्याचे आता पडद्यावरच्या इन्स्पेक्टरला माहीत आहे आणि प्रेक्षागृहातल्या प्रत्येकाला तर ते कधीचेच पाठ आहे. आपले कोणी खरे मानत नाही ही लक्ष्याची कोंडी दुसऱ्यांदा रचता येण्यासारखी नव्हती.

सुपरहिरोपटांशी तुलना

सुपरहिरोंच्या चित्रपटमालिकांत नेमके उलट घडते. पहिल्या भागाचा मोठा हिस्सा नायकाला शक्ती कशी मिळाली हे सांगण्यात खर्च होतो. दुसरा भाग त्या ओझ्यातून मोकळा असतो, म्हणूनच 'स्पायडर-मॅन २' (२००४) किंवा 'द डार्क नाइट' (२००८) हे उत्तरभाग अनेकांना पहिल्यापेक्षा सरस वाटतात. तेथे नायक कायम राहतो आणि दर भागाला नवा खलनायक शोधावा लागतो. 'झपाटलेला'च्या बाबतीत खलनायक कायम आहे आणि नायक नवा शोधावा लागला. शिवाय भयकथेत रहस्याची उकल हीच खरी पुंजी असते; ती पहिल्याच भागात खर्ची पडलेली.

हिंदीतील 'क्रिश' (२००६) याच्याशी तुलना अधिक बोलकी आहे. 'कोई... मिल गया' (२००३) मधील रोहितचा मुलगा कृष्णा हा त्याचा नायक. म्हणजे येथेही कथा बापाकडून मुलाकडे जाते. परंतु बाप आणि मुलगा या दोन्ही भूमिका हृतिक रोशन यांच्याच असल्याने जुन्या नायकाविषयीचा जिव्हाळा आपोआप नव्याकडे वळतो. ती सोय 'झपाटलेला २' ला नव्हती. मराठीत निखिल महाजन दिग्दर्शित 'बाजी' (२०१५) या चित्रपटात श्रेयस तळपदे यांनी देशी सुपरहिरो साकारला. मात्र त्याचा उत्तरभाग न निघाल्याने अशी तुलना तेथे संभवत नाही.

त्रिमितीचा प्रयोग

माणसाच्या दोन डोळ्यांत सुमारे साडेसहा सेंटीमीटर अंतर असते आणि प्रत्येक डोळ्याला दृश्य किंचित निराळ्या कोनातून दिसते. त्रिमितीय चित्रपटात अशी दोन चित्रे एकाच पडद्यावर टाकतात व चष्म्याच्या काचा ती वेगवेगळी करून त्या त्या डोळ्याकडे पोहोचवतात. मेंदू त्यांचा मेळ घालून खोली निर्माण करतो. भारतातील पहिला त्रिमितीय चित्रपट 'माय डिअर कुट्टिचात्तन' (मल्याळम, १९८४) हाही एका भुताचीच कथा सांगतो. हिंदीत तो 'छोटा चेतन' या नावाने आला.

वस्तू प्रेक्षकाच्या अंगावर धावून येण्याने दचका बसतो, पण तो क्षणापुरता. पहिल्या भागातील भीती दचक्याची नव्हती. घरातल्या फळीवर बसवलेली वस्तू रात्री तेथेच असेल ना, ही ती भीती होती आणि ती मुलांबरोबर घरी जात असे. तिला चष्मा लागत नव्हता. शिवाय चष्म्याची सोय मोजक्याच चित्रपटगृहांत असल्याने, घरी दूरचित्रवाणीवर हा चित्रपट पाहणाऱ्यांच्या वाट्याला त्रिमिती आलीच नाही; त्यांच्यासमोर राहिली ती कथा आणि लक्ष्याची रिकामी जागा.

तिसरा भाग

'झपाटलेला ३' ची घोषणा २०२४ मध्ये झाली. लक्ष्मीकांत बेर्डे यांना कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने पुन्हा पडद्यावर आणण्याचा मानस महेश कोठारे यांनी त्या वेळी व्यक्त केला.