रिकामी दिसणारी खाडी

इन्सुली हे सावंतवाडी तालुक्यातील गाव. येथून समुद्र दिसत नाही. पण जवळून वाहणारी तेरेखोल नदी पुढे खाडी होऊन अरबी समुद्राला मिळते. म्हणून खाडीतल्या मासळीचे बरेवाईट हे आपलेही बरेवाईट आहे.

मासळी टिकावी आणि मच्छीमारांना उत्पन्नही मिळावे, यासाठी सिंधुदुर्ग किनाऱ्यावर खेकडे, कालवे व शिनाणे यांचे पालन सुरू झाले. २०१८ साली हरित हवामान निधी या जागतिक संस्थेने महाराष्ट्र, आंध्र प्रदेश व ओडिशा यांच्या किनाऱ्यांसाठी मदत मंजूर केली. तीत सिंधुदुर्गाचाही समावेश आहे.

योजना चांगली असली तरी तिच्यात जोखीम असते. जोखीम म्हणजे नुकसान होण्याची शक्यता. हा शब्द तुम्हांला उर्दूतूनही ओळखीचा आहे. ही जोखीम काम सुरू होण्यापूर्वी तपासावी लागते.

खेकडापालनाचे उदाहरण घेऊ. कांदळवनालगत जाळीचे कुंपण करून त्यात खेकड्यांची पिल्ले वाढवतात. आता काही प्रश्न विचारू.

पिल्ले कोठून आणणार? ती खाडीतूनच पकडली, तर पुढे खाडीत खेकडे उरणार नाहीत. म्हणून उबवणी केंद्रातील पिल्ले आणावी लागतात. तामिळनाडूत असे केंद्र आहे.

खेकडे काय खाणार? त्यांना बारीक मासळी घालतात. त्या मासळीत मोठ्या माशांची पिल्लेही असू शकतात. उरलेले खाद्य कुजले, तर पाण्यातील प्राणवायू कमी होतो.

कुंपणासाठी झाडे तोडणार का? कांदळवनाच्या मुळांत मासे व कोळंबी यांची पिल्ले आसरा घेतात. झाडे गेली की आसरा गेला.

ही झाली पर्यावरणाची जोखीम. दुसरी जोखीम माणसांची असते. नकाशावर खाडीकाठची जागा रिकामी दिसते. पण ओहोटीच्या वेळी तेथे जाऊन पाहा. कोणी बाई तिसऱ्या काढत असते, कोणी पाग टाकत असतो. तेथे कुंपण पडले, तर त्यांची रोजची भाजी-भाकरी जाते. त्यांच्याजवळ जागेचा कागद नसतो, म्हणून त्यांचे नुकसान कोणाच्या वहीत लिहिले जात नाही.

लोकांचा विश्वास मिळवला नाही तर काय होते, हे मालवणला दिसले. १९८७ साली तेथे सुमारे २९ चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य जाहीर झाले. हेतू चांगला होता. पण मासेमारी बंद होईल, या भीतीने मच्छीमारांनी अनेक वर्षे विरोध केला. पूर्व किनाऱ्यावर कोळंबीच्या तलावांमुळे विहिरी व शेते खारी झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९६ साली न्यायालयाने किनारा नियमन क्षेत्रातील असे तलाव काढण्याचा आदेश दिला. पारंपरिक तलावांना मात्र सूट दिली.

जोखीम मोजताना दोन गोष्टी पाहतात : नुकसान होण्याचा संभव किती, आणि झाले तर ते केवढे. मग शक्य असेल ते टाळावे, टळत नसेल ते कमी करावे आणि उरलेल्याची भरपाई द्यावी.

कमी कसे करतात? ट्रॉलरच्या जाळ्याचा आस शंकरपाळ्यासारखा असतो. जाळे ओढताना तो मिटतो आणि पिल्ले अडकतात. जाळ्याच्या शेवटच्या भागात ४० मिलिमीटरचा चौकोनी आस बसवला, तर तो उघडा राहतो व पुष्कळ पिल्ले सुटतात.

मात्र तपासणी एकदाच करून भागत नाही. पाणी, मासळी आणि माणसे यांच्याकडे दरवर्षी पाहावे लागते. आणि पहिला प्रश्न ओहोटीत उभ्या असलेल्या माणसाला विचारावा लागतो.

शब्दार्थ : कांदळवन – खाडीकाठच्या खाऱ्या पाण्यातील झाडी. तिसऱ्या, कालवे, शिनाणे – शिंपल्यांतील खाद्य जीव. पाग – हाताने फेकायचे जाळे. आस – जाळ्याचे छिद्र.

स्वाध्याय : १. खेकड्यांची पिल्ले खाडीतून का पकडू नयेत? २. ‘रिकामी’ जागा खरोखर रिकामी का नसते? ३. तुमच्या गावातील एखाद्या नव्या कामाबद्दल कोणाला कोणते प्रश्न विचाराल? पाच प्रश्न लिहा.