व्यसनमुक्तीनंतरची जागरूकता

अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी जन्मलेल्या गाडगेबाबांच्या घरात दारूने वडिलांचा बळी घेतला होता. पुढे मुलीच्या बारशाला दारू-मटणाची पंगत देण्याची रूढी असताना बाबांनी गोडाचे जेवण वाढले. दारूइतकाच दारूचा प्रसंगही घातक असतो, हे त्यांनी ओळखले होते.

दारू सुटली की प्रश्न संपला, असा सर्वसाधारण समज आहे. वैद्यकशास्त्राचा अनुभव निराळा आहे. मद्यासक्ती हा पुन्हा उलटू शकणारा आजार असून मधुमेहाप्रमाणे तो आटोक्यात ठेवावा लागतो. दीर्घकाळच्या सेवनाने मेंदूतील सुखसंवेदनेची यंत्रणा बदलते. दारूबरोबरच ती घेण्याची जागा, वेळ व सोबती यांचीही मेंदूत पक्की नोंद होते. शरीर दारूवाचून राहावयास लवकर शिकते. ही नोंद मात्र वर्षानुवर्षे टिकते. म्हणूनच दहा वर्षे दारूला न शिवलेला मनुष्यही ‘एका घोटाने काय होते?’ म्हणून पेला उचलतो आणि पाहता पाहता पूर्वपदावर जातो.

वऱ्हाडात असे प्रसंग ठरलेले आहेत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची कर, लग्नाची वरात, निवडणुकीची धामधूम, कापसाचा चुकारा हाती येण्याचा दिवस. नापिकी, घरातील मृत्यू आणि रिकामपण हेही तितकेच धोक्याचे. अकोला-अमरावतीकडील गावकऱ्यांनी या दिवसांत अशा व्यक्तीस एकटे सोडू नये. आग्रह तर मुळीच करू नये.

अमेरिकेत १९३५ साली सुरू झालेल्या ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ या चळवळीतील सभासद अनेक वर्षांनंतरही स्वतःला मद्यासक्तच म्हणवितात व केवळ आजचा दिवस न पिण्याचा निश्चय करतात. १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी स्थापन केलेल्या मुक्तांगण केंद्रानेही उपचारानंतरच्या पाठपुराव्यास महत्त्व दिले.

पाऊल घसरलेच, तर ‘हा सुधारणार नाही’ असा शिक्का मारणे अन्यायाचे होय. पूर्वीचे प्रयत्न वाया जात नाहीत. उपचार मात्र त्वरित पुन्हा सुरू करावेत. नित्य पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केल्यास झटके वा भ्रम होऊ शकतो; म्हणून रुग्णालयाचे साहाय्य घ्यावे. मार्गदर्शनासाठी १४४४६ हा राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहे.

शिक्षक व पंचायत सदस्यांनी गावातील एक पंगत, एक वरात जरी दारूविना पार पाडली, तरी सुटलेल्या माणसाला तेवढाच आधार होईल.