पाणी खाली पडत नाही तेव्हा

१६ जुलै २०१३. इटालियन अंतराळवीर लुका पार्मितानो आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाबाहेर काम करत होते. पाऊण तासाच्या सुमारास त्यांना डोक्यामागे ओलं लागलं. पिण्याच्या पिशवीतून गळत असेल, हा पहिला संशय. पण पाणी वाढतच गेलं.

जमिनीवर हे पाणी मानेवरून ओघळून गेलं असतं. अंतराळात ‘खाली’ अशी दिशाच नसते. गुरुत्वाकर्षण मात्र असतं. चारशे किलोमीटर उंचीवरही ते जमिनीवरच्या सुमारे नव्वद टक्के उरतं. स्थानक, माणसं, पाणी सगळं एकाच वेगानं पृथ्वीभोवती पडत राहतं, म्हणून पाण्याचा भार कशावरच येत नाही. मग राज्य पृष्ठताणाचं. रेणू एकमेकांना ओढतात आणि सुटं पाणी गोळा होऊन तरंगतं. व्हिडिओत आपण कौतुकानं पाहतो ते हेच गोळे. पण कातडीला, केसांना टेकलं की तेच पाणी पसरतं आणि चिकटून बसतं. त्याच वर्षी कॅनडाचे अंतराळवीर ख्रिस हॅडफिल्ड यांनी दोन शाळकरी मुलींनी सुचवलेला प्रयोग केला, ओलं फडकं पिळून दाखवलं. एक थेंब गळला नाही. पाणी फडक्याभोवती नळीसारखं जमलं आणि हातांवर चढलं.

पार्मितानोंच्या चेहऱ्यावर ते असंच चढलं. परतीच्या वाटेवर डोळे आणि नाक झाकले गेले. त्यात सूर्य मावळलेला, रेडिओ धड ऐकू येईना. सुरक्षादोरीच्या ओढीवरून दिशा ओळखत ते दारापर्यंत पोचले. पोशाखात सुमारे दीड लिटर पाणी शिरलं होतं. थंडाव्यासाठी फिरणारं पाणी हवेपासून वेगळं करणाऱ्या भागाची बारीक छिद्रं तुंबली होती, आणि ते हवेच्या वाटेनं हेल्मेटात आलं. आठवडाभर आधीच्या, स्थानकाबाहेरच्या फेरीनंतरही हेल्मेटात पाणी सापडलं होतं. तेव्हा पिशवीवर खापर फोडून विषय मिटवला गेला. बिघाडापेक्षा मला हे जास्त अस्वस्थ करतं.

पाण्याचा हाच चिकटपणा उपयोगीही पडतो. २००८ मध्ये अंतराळवीर डॉन पेटिट यांनी प्लास्टिकचा कागद दुमडून एका बाजूला टोकदार कोपरा असलेला कप केला. त्या कोपऱ्यातून कॉफी आपोआप ओठांपर्यंत सरकते, पिशवीला नळी लावून चोखत बसावं लागत नाही.

पार्मितानोंच्या प्रसंगानंतर नासानं हेल्मेटच्या मागच्या बाजूला पाणी शोषणारं पॅड बसवलं. शिवाय श्वासासाठी एक साधी प्लास्टिकची नळी दिली. तिचं एक टोक तोंडाजवळ, दुसरं पोटापाशी, जिथवर पाणी पोचायला वेळ लागेल.