रस्ता नवा होतोय, पण तुमचा गाळा? डिपॉझिट देण्याआधी रस्ता वाचायला शिका



गाळा बघायला गेलो की आपण काय बघतो? भाडं, डिपॉझिट, समोरची गर्दी, शेजारचं दुकान. रस्त्याकडे कुणी बघतच नाही. आणि तिथे 'काँक्रिटीकरणाचे काम प्रस्तावित' असा बोर्ड दिसला, की एजंट म्हणतो, "साहेब, वर्षभरात रस्ता चकाचक. भाव वाढणार, आत्ताच घ्या!"

भाव वाढेलही. पण त्या वर्षभरात तुमचा धंदा तग धरेल का? आणि रस्ता झाल्यावर पावसाचं पाणी गटारात जाईल की तुमच्या मालात शिरेल? याचं उत्तर एजंटकडे नसतं. ते आपणच काढायचं असतं, आणि ते काढता येतं.

हिंदमाता बघा, म्हणजे कळेल

मुंबईत दादर-परळच्या मधलं हिंदमाता. कापडाचा मोठा बाजार. आणि दर पावसाळ्यात टीव्हीवर हमखास दिसणारं ठिकाण! कारण साधं आहे. हा भाग बशीसारखा खोलगट आहे. आजूबाजूच्या उंच भागातलं पाणी उतरून इथे येतं. त्यात समुद्राला भरती असेल तर नाल्यांतलं पाणी बाहेर पडत नाही, कारण समुद्रच वर आलेला असतो.

मुंबईच्या जुन्या, ब्रिटिशकाळातल्या पर्जन्य जलवाहिन्या ताशी सुमारे २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या. १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ही क्षमता ताशी ५० मिलिमीटर करायला सांगितलं. मग आला २६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस, आणि त्यातला बराचसा दुपारनंतरच्या काही तासांत. त्यानंतर या कामांना खरा वेग आला.

आता हा आकडा आपल्या भाषेत समजून घ्या. १ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. तुमच्या दुकानासमोरचा १०० मीटर लांब, १० मीटर रुंद रस्ता धरा. ताशी ५० मिलिमीटर पाऊस झाला तर तेवढ्या तुकड्यावर एका तासात ५०,००० लिटर पाणी पडतं. म्हणजे १०,००० लिटरचे पाच टँकर! छपरांचं आणि शेजारच्या गल्ल्यांचं पाणी वेगळंच. ते जाणार कुठे, हा खरा प्रश्न.

हिंदमाताला महापालिकेने एकच उपाय केला नाही. रे रोडला ब्रिटानिया उदंचन केंद्र, म्हणजे पंपिंग स्टेशन उभं केलं. मोठ्या वाहिन्या टाकल्या. भरतीच्या वेळी पाणी साठवून ठेवायला प्रमोद महाजन कला पार्क आणि सेंट झेवियर्स मैदानाखाली मोठ्या टाक्या बांधल्या. आणि गाड्या अडकू नयेत म्हणून दोन उड्डाणपुलांमधला सखल रस्ता उंच करून पूल जोडले. एवढं करूनही पुढच्या वर्षांत मोठ्या पावसात तिथे पाणी साचल्याच्या बातम्या आल्याच.

यातून शिकायचं काय? रस्ता उंच केला की वाहतूक वाचते. दुकान वाचतंच असं नाही. दुकान वाचतं ते जोत्याच्या उंचीवर आणि पाण्याला मिळणाऱ्या वाटेवर.

चांगल्या रस्त्याची चार लक्षणं

१. उतार. रस्ता मध्यभागी थोडा उंच आणि कडेला उतरता हवा. काँक्रीटला साधारण २ टक्के, म्हणजे मीटरमागे २ सेंटिमीटर. ७ मीटर रुंदीच्या रस्त्यात मध्य आणि कड यांत ७ सेंटिमीटरचा फरक पडतो.

२. जाळ्या. कडेला गटाराच्या जाळ्या ठरावीक अंतरावर आणि रस्त्याच्या पातळीपेक्षा किंचित खाली हव्यात. जाळी वर राहिली तर पाणी तिच्याभोवती डबकं करून बसतं.

३. खालची वाहिनी. वरचा थर कितीही गुळगुळीत असू दे, खाली जुनीच अरुंद वाहिनी असेल तर उपयोग नाही. काम चालू असतानाच बघा, पाइप किंवा बॉक्स ड्रेन नवीन पडतंय का.

४. खोदून पातळी राखणं. जुनं डांबर न खरवडता त्यावरच नवा थर दिला तर रस्ता दर वेळी वर येतो. ५ सेंटिमीटरचे दोन थर म्हणजे १० सेंटिमीटर. तुमची एक पायरी गेली! जुन्या बाजारपेठांत दुकानात 'उतरून' जावं लागतं, त्याला बरेचदा हेच कारण असतं.

आता गल्ल्याचं गणित

मुंबईत रस्त्यांची खोदकामं साधारण ऑक्टोबर ते मे या काळात होतात, पावसाळ्यात नवीन खोदकाम बंद. आता कॅलेंडर काढा. दिवाळी, लगीनसराई, उन्हाळी सुट्टी... सगळा सीझन याच काळात! शिवाय काँक्रीट टाकलं की लगेच गाडी फिरवता येत नाही. त्याची ठरलेली ताकद २८ दिवसांच्या हिशेबाने धरतात. म्हणजे समोरचं काम 'झालं' असं दिसलं तरी गिऱ्हाइकाची गाडी यायला वेळ लागतो.

समजा, रोजची विक्री १२,००० रुपये आणि मार्जिन २५ टक्के. रोज ३,०००, महिन्याचे २६ दिवस धरून ७८,०००. भाडं ३५,०००, मदतनीस १५,०००, वीज आणि किरकोळ ४,०००. खर्च ५४,०००. हातात राहतात २४,०००, त्यावर घर चालतं.

खोदकामामुळे विक्री ४० टक्के घटली तर मार्जिन उरतं ४६,८००. खर्च तेवढाच. म्हणजे दरमहा ७,२०० खिशातून. वर घरखर्चाचे २४,००० आहेतच. चार महिन्यांचे होतात १,२४,८००. एवढी रक्कम बाजूला नसेल, तर धंदा चांगला असूनही दुकान बंद पडतं. लक्षात घ्या, ही विक्रीची चूक नाही, तयारीची आहे.

डिपॉझिट देण्याआधी हे करा

- उंबरठा मोजा. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी आणा. उंबरठा रस्त्याच्या मध्यापेक्षा किती वर आहे ते बघा. खाली असेल तर भाड्यात तो मुद्दा काढा.
- डाग वाचा. भिंतीवर, शटरच्या खालच्या पट्टीवर पाण्याची रेघ किंवा गंज दिसतो. चहावाल्याला विचारा, "दादा, पाणी कुठपर्यंत येतं?" तो खरं सांगेल.
- वॉर्ड ऑफिसला जा. रस्त्याची नवी पातळी काय, वाहिनी बदलणार का, काम कधी सुरू आणि कधी संपणार, हे विचारा. दाद लागली नाही तर माहितीचा अधिकार आहे, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.
- करारात लिहून घ्या. खोदकामाच्या महिन्यांत भाडं किती कमी, आणि जोतं उंच करायचा खर्च कोणाचा. तोंडी बोलण्यावर जाऊ नका.
- माल उचला. खालचा दीड फूट रिकामा ठेवा. फ्रीज, इन्व्हर्टर, प्लगपॉइंट वर घ्या. समुद्रकाठच्या शहरात असाल तर मोठ्या भरतीच्या तारखा भिंतीवर लावा.
- विमा घ्या. छोट्या व्यवसायांसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही प्रमाणित पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून आहे. एका ठिकाणची मालमत्ता ५ कोटींपर्यंत असेल तर ती घेता येते, आणि पुराचं नुकसान त्यात येतं. मालाची रक्कम खरी लिहा आणि खरेदीची बिलं मोबाइलमध्येही ठेवा.

आणि एक गोष्ट कधीच करू नका. पाणी जावं म्हणून मॅनहोलचं झाकण उघडू नका. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात मुंबईत एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले. साचलेल्या पाण्यात ते भोक दिसत नाही. माल परत भरता येतो.

आजचा गृहपाठ

चालू दुकान असो की बघितलेला गाळा, या आठवड्यात तीन आकडे वहीत लिहा: उंबरठ्याची उंची, चार महिन्यांचा राखीव पैसा आणि जमिनीपासून दीड फुटाच्या आत ठेवलेल्या मालाची किंमत. तिसरा आकडा दुसऱ्यापेक्षा मोठा आला, तर आज संध्याकाळीच रॅक वर चढवायला घ्या. पावसाळा आपल्या सोयीने येत नाही!