शरीराबाद परगण्यातील अर्जदस्त

शरीराबाद परगण्याचे शेखदार जिवाजी आणि त्यांचे कारकून बुधाजी यांनी सरकारात एक अर्जदस्त गुजरली आहे. कायापुरीच्या किल्ल्यात राहून आपण इमानेइतबारे सरकारकाम चालवू पाहतो, परंतु दंभाजी शेटे कचेरीत ठाण मांडून बसतो, ममताई देशपांडीण साऱ्या परगण्याला जेर करते, क्रोधाजी नाईकवाडी बसलेली घडी विसकटून टाकतो आणि या मंडळींपुढे आपला इलाज चालत नाही, अशी त्यांची तक्रार आहे. हा कागद कोणत्याही दप्तरखान्यात सापडावयाचा नाही. तो सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांनी रचलेल्या भारुडांपैकी एक आहे. जीव हा शेखदार, बुद्धी ही त्याची कारकून, आणि ज्यांच्याविरुद्ध फिर्याद आहे ते वतनदार म्हणजे आपलेच दंभ, ममता आणि क्रोध. अर्जदस्तीप्रमाणेच जाबचिठी, ताकीदपत्र, अभयपत्र अशाही कागदांच्या घाटाची भारुडे एकनाथांनी लिहिली. ज्या कचेरीच्या नुसत्या नावाने रयतेच्या पोटात गोळा उठत असे, तिच्याच फारसीमिश्रित भाषेत त्यांनी त्या रयतेला वेदान्त सांगितला, आणि तो सांगताना हसविलेही.

ही भाषा एकनाथांनी दुरून ऐकलेली नव्हती. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी हे देवगिरीचे किल्लेदार असल्याची परंपरा आहे, आणि हिशेबातली एका पैची चूक रात्र जागवून सापडल्यावर तरुण एकनाथांनी आनंदाने टाळी वाजविल्याची आख्यायिका तर घरोघर ठाऊक आहे. तिच्या ऐतिहासिक सत्यतेविषयी आमचा आग्रह नाही. तथापि पैचा घोळ सापडल्यावर टाळी वाजविणारी आणि देहात परगणा पाहणारी बुद्धी एकच असावी, असे मानण्यास ती आख्यायिका फार सोयीची आहे खरी.

कारण विनोद ही मुळात बुद्धीची करणी आहे. आर्थर कोस्लर यांनी १९६४ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले, की परस्परांशी संबंध नसलेल्या दोन विचारचौकटींत एकच गोष्ट एकाच क्षणी बसलेली दिसली, म्हणजे मनाला जो धक्का बसतो त्यातून हास्य उपजते. आणि शास्त्रज्ञाचा शोध व कवीची प्रतिमा यांचाही उगम त्यांनी याच व्यापारात दाखविला. जिवाजी शेखदार ज्या क्षणी सरकारी अंमलदार असतो त्याच क्षणी तो अज्ञानात सापडलेला जीवही असतो. श्रोत्याला दोन्ही अर्थ एकदम धरून ठेवावे लागतात, आणि ते धरता आले की तो हसतो.

मानसशास्त्रज्ञांनी हे मोजूनही पाहिले आहे. सॅम्युअल जेनस यांनी १९७५ साली अमेरिकेतील ५५ व्यावसायिक विनोदी कलावंतांची पाहणी प्रसिद्ध केली. सर्वसाधारण माणसाचा बुद्ध्यंक १०० धरला जातो, तेथे या मंडळींचा सरासरी बुद्ध्यंक १३८ भरला. पुढे २०११ साली गिल ग्रीनग्रॉस आणि जेफ्री मिलर यांनी न्यू मेक्सिको विद्यापीठातील ४०० विद्यार्थ्यांना व्यंगचित्रांखाली मजकूर लिहावयास लावले, तेव्हा ज्यांचा मजकूर परीक्षकांना अधिक गमतीदार वाटला त्यांचे तर्कशक्तीचे आणि विशेषतः शब्दसंपत्तीचे गुणही वरचढ निघाले. याच दोघांनी त्याआधी दोन वर्षे व्यावसायिक विनोदकारांच्या स्वभावाची तुलना विद्यार्थ्यांशी केली होती. तीत असे आढळले, की रंगमंचावर इतका मोकळा दिसणारा हा प्राणी खासगीत काहीसा अंतर्मुख आणि इतरांशी जमवून घेण्यात थोडा कमीच असतो. नव्या कल्पनांना दार उघडे ठेवण्याच्या वृत्तीत मात्र तो पुढे असतो.

या मोजमापाला आमची हरकत नाही. फक्त असल्या कसोटीच्या कागदापुढे गाडगेमहाराजांना बसविले असते तर कसोटीची काय गत झाली असती, हे पाहावयास हवे होते. विदर्भातील परिटाच्या घरी १८७६ साली जन्मलेल्या, अक्षरओळख नसलेल्या या पुरुषाने अर्धशतक महाराष्ट्राला हसवीत हसवीत अंतर्मुख केले. दिवसा गाव झाडावे, रात्री कीर्तनास उभे राहावे, आणि कीर्तनात उपदेशाऐवजी प्रश्नांची सरबत्ती करावी, हा त्यांचा क्रम. श्रोत्यांनी होकार भरीत जावे आणि चौथ्या-पाचव्या होकारानंतर आपणच आपल्या नवसाविरुद्ध, बोकडाच्या बळीविरुद्ध आणि सावकाराकडून काढलेल्या सणाच्या कर्जाविरुद्ध साक्ष देऊन बसलो आहोत, हे त्यांच्या ध्यानात यावे, अशी ती मांडणी. अशी उलटतपासणी निष्णात वकिलालाही साधणे कठीण. अखेरच्या वर्षी, १९५६ साली, वांद्रे येथे झालेल्या त्यांच्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण आजही ऐकावयास मिळते. मूर्तिपूजेचीही थट्टा करणारा हा माणूस नास्तिक नव्हता, मुखाने अखंड नामघोष चालू होता. मात्र आपण कोणाचे गुरू नाही आणि आपला कोणी शिष्य नाही, असे तो निक्षून सांगत असे.

येथे विषयाचा खरा गाभा येतो. स्वतःच्या श्रद्धेला न सोडता तिच्याकडे क्षणभर परक्याच्या डोळ्यांनी पाहता येणे, याला आम्ही धर्मदृष्टीचे औदार्य म्हणतो, आणि ही कुवत विनोदकाराच्या अंगी धंद्याचा भाग म्हणूनच बाणते. एकनाथांचा 'हिंदू-तुर्क संवाद' हे तिचे आम्हांस ठाऊक असलेले सर्वोत्तम उदाहरण होय. एक हिंदू आणि एक तुर्क, म्हणजे मुसलमान, भांडावयास उभे राहतात. तुर्क हिंदूंच्या मूर्तींची, पुराणांतील देवांच्या वर्तनाची, स्नानाची आणि सोवळ्याओवळ्याची टर उडवितो. उलट देव सर्वत्र असेल तर एकाच दिशेला तोंड का करावयाचे, आणि हिंदूला मुसलमान करावयाचे असेल तर त्याला हिंदू म्हणून जन्मास घालण्यात देवाची चूक झाली काय, असे हिंदू त्याला विचारतो. शिव्यांची देवघेव यथास्थित होते. शेवटी दोघांनाही आपापल्या वादाचा पोकळपणा उमजतो आणि ते एकमेकांना आलिंगन देतात.

असा समेट कोणीही लिहील. विशेष हा, की हे लिहिणारा पैठणसारख्या धर्मपीठातला ब्राह्मण होता, आणि तरीही सोवळ्यावरचे सर्वांत धारदार घाव त्याने तुर्काच्या तोंडी घातले. प्रतिपक्षाला लुळे युक्तिवाद देऊन आपला पक्ष जिंकविणे, हा वादग्रंथांचा नित्याचा मार्ग त्याने पत्करला नाही. एकनाथांना तुर्क आतून कळला होता. त्याशिवाय त्याचा विनोद इतका जमला नसता.

आधुनिक काळात असाच पुरुष शोधावयाचा तर चिं. वि. जोशी यांच्यापाशी थांबावे लागते. १८९२ साली पुण्यात जन्मलेल्या या लेखकाला महाराष्ट्र ओळखतो तो चिमणराव आणि गुंड्याभाऊ यांचा जनक म्हणून. पण बडोद्यास त्यांनी आयुष्य वेचले ते पालीच्या अध्यापनात. धर्मानंद कोसंबींच्या प्रेरणेने ते या विद्येकडे वळले, जातकांतील निवडक गोष्टी त्यांनी मराठीत आणल्या, आणि 'सद्धम्मप्पकासिनी' या अवघड पाली टीकाग्रंथाची त्यांनी सिद्ध केलेली आवृत्ती लंडनच्या पाली टेक्स्ट सोसायटीने १९३३ ते १९४७ या काळात तीन खंडांत प्रसिद्ध केली. नेमका हाच काळ चिमणरावाच्या चऱ्हाटाचा. एका टेबलावर बुद्धवचनांच्या टीकेचे पाठभेद आणि दुसऱ्यावर मध्यमवर्गीय ब्राह्मणी संसाराची फजिती, असे हे दुहेरी दप्तर होते. चिमणरावाची फजिती चिमणरावच प्रथमपुरुषी सांगतो, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. आपल्या 'मी'ची शोभा होताना जो स्वस्थ चित्ताने पाहू शकतो, त्याला 'मी' असा कोणी नाहीच म्हणणाऱ्या बौद्ध अनात्मवादाच्या ग्रंथाचे भय वाटण्याचे कारण नव्हते. ही संगती त्यांनी स्वतः कोठे मांडली असा आमचा दावा नाही. ती आमची समजूत आहे.

हसविणारा प्रत्येक जण उदार असतो असे मात्र कोणी समजू नये. दुसऱ्याच्या जातीची, बोलीची आणि देवाची नक्कल करून टाळ्या घेणारे पुष्कळ आहेत, त्यांची बुद्धीही तीक्ष्ण असते, आणि त्यांच्या विनोदाने श्रोत्यांचे पूर्वग्रह होते तेथेच, किंबहुना थोडे अधिक घट्ट, बसून राहतात. तेव्हा विनोदकाराच्या औदार्याची परीक्षा त्याने किती हसविले यावर करू नये. आपल्या आळीतल्या देवळाविषयी तो काय बोलतो, हे पाहावे. या परीक्षेत एकनाथ चारशे वर्षांहून अधिक काळ पहिले आहेत. त्यांच्या भागवताची आणि हरिपाठाची पारायणे होतात, हे योग्यच आहे; पण त्यांची गाथा हाती आहेच, तर भारुडांच्या पानांपर्यंत जावे आणि हिंदू-तुर्क संवाद घरात, शक्य तर चार माणसांत, मोठ्याने वाचावा. त्याला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत नाही.