नोटरीचा नकार समजून घेताना

साजगावहून खोपोलीची बाजारपेठ जवळ आहे, खालापूरची तहसील कचेरीही फार लांब नाही. तरीही घरातील एखादा कागद नोटरी करून आणायचा म्हटले की आपल्या व्यापारी कुटुंबांचे दोन-तीन दिवस सहज मोडतात. दुकानाच्या कामाचे साधे प्रतिज्ञापत्र अर्ध्या तासात होते; पण आईचे मुखत्यारपत्र किंवा भावाभावांतील समजुतीचा कागद पुढे केला की एक वकील तो वाचून परत देतात, दुसरे ‘सही करणाऱ्यांनाच घेऊन या’ म्हणतात, तिसरे आज वेळ नाही असे सांगतात. बँकेच्या नोकरीत असे कागद वर्षानुवर्षे माझ्या टेबलावर येत राहिले. त्या अनुभवावरून सांगतो, नकार देणाऱ्या नोटरीविषयी माझे मत पुष्कळांपेक्षा बरे आहे.

नोटरी ही व्यवस्था मुळात व्यापाऱ्यांच्याच गरजेतून आली. विनिमयपत्र नाकारले गेले की त्या नकाराची अधिकृत नोंद करणारा त्रयस्थ मनुष्य लागे. हुंडीवर वाढलेल्या पेढ्यांना त्याचे मोल समजावून सांगायला नको. आज कलम 138 म्हटले की न वटलेला धनादेश आठवतो, परंतु 1881 च्या परक्राम्य संलेख अधिनियमात हे कलम मूळचे नोटरींच्या नेमणुकीचे होते. 1952 साली नोटरींसाठी स्वतंत्र कायदा झाला, ते प्रकरण रद्द झाले, आणि त्या रिकाम्या जागी 1988 च्या दुरुस्तीने धनादेशाची तरतूद आली.

नोटरीचा शिक्का नेमके काय सांगतो, याबद्दल मात्र गैरसमज फार. मजकूर खरा आहे, अशी हमी तो शिक्का देत नाही. अमुक व्यक्ती अमुक दिवशी समोर आली आणि तिने सही केली, एवढीच त्याची साक्ष. पण ही ‘एवढीच’ साक्ष वजनदार असते. नोटरीसमोर करून त्याने प्रमाणित केलेले मुखत्यारपत्र त्याच व्यक्तीने केले, असे न्यायालय गृहीत धरते. पूर्वीच्या पुरावा कायद्यात हे कलम 85 होते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तीच तरतूद आहे. म्हणून घरी सही करून आणलेला कागद परत करणारा नोटरी आडमुठा नव्हे. द्रुतगती मार्ग झाल्यापासून कर्जत-खालापुरातील जमिनीला जो भाव आला, त्याने सख्ख्या भावांनाही कोर्टाची पायरी चढायला लावली आहे. त्या खटल्यात साक्षीला कोणाला बोलावतील, हे नोटरी जाणून असतो.

याच परिसरातील एका किराणा व्यापाऱ्याच्या घरची गोष्ट सांगतो. वडील पक्षाघाताने अंथरुणावर, बोलणे अडखळत पण बुद्धी शाबूत. मुलांनी मुखत्यारपत्र तयार करून वडिलांचा अंगठा घेतला आणि नोटरी शोधू लागले. तिघांनी नाही म्हटले. चौथे गृहस्थ रुग्णाला न पाहताच शिक्का मारायला तयार होते, पण थोरल्या सुनेने हट्ट धरला म्हणून तो मार्ग सोडला. अखेर तालुक्याचे एक वयस्कर नोटरी रविवारी नोंदवही घेऊन घरी आले. त्यांनी मुलांना ओटीवर बसवले, दार लोटून घेतले आणि एकेक कलम वडिलांना वाचून दाखवले. बँकेचे व्यवहार, वीजबिल, घरपट्टी यांना वडिलांनी मान हलवली. घर विकण्याच्या अधिकारापाशी त्यांनी हात उचलून थांबवले. ते कलम काढून कागद नव्याने टंकलिखित झाला. विधवा मुलीला त्या घरात राहता यावे, हे त्यांच्या मनात होते. मुलांना ते कोणी विचारलेच नव्हते.

नोटरीला घरी बोलावता येते, हे अनेकांना ठाऊक नसते. नियमांत त्यासाठी प्रवासखर्चाची तरतूद आहे. सही मात्र आधी करून ठेवू नये, ओळखपत्रे मूळ असावीत, नोटरीच्या नोंदवहीतही सही करावी आणि शुल्काची पावती मागून घ्यावी. त्यांच्या गोल शिक्क्यावर नाव आणि कार्यक्षेत्र असते, तेही पाहावे. नेमलेल्या नोटरींची यादी दर जानेवारीत राजपत्रात प्रसिद्ध करावी, असे कायद्यातच म्हटले आहे.

पुष्कळदा तर नोटरीची गरजच नसते. मृत्युपत्राचेच पाहा. 1925 च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम 57 मध्ये हिंदू, बौद्ध व शीख यांच्यासोबत जैनांचा स्पष्ट उल्लेख आहे. मृत्युपत्राला सही आणि दोन साक्षीदार लागतात, नोटरी नाही. नोंदणीही ऐच्छिक आहे, पण मी ती करण्याचाच सल्ला देतो. उलट घर-जमिनीची विक्री नोटरीच्या कागदाने होतच नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात ठणकावले. विवाहाचे वा घटस्फोटाचे लेख नोटरीने करू नयेत, असे केंद्रीय विधी मंत्रालयाने ऑक्टोबर 2024 मध्ये कळवले आहे. सरकारी कचेऱ्यांत अनेक कामांना 2015 पासून स्वयंघोषणापत्र चालते. मुद्रांकाचा दर 100 वरून 500 रुपये झाला असला, तरी शासकीय कार्यालयात किंवा न्यायालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला 2004 पासून माफी आहे. आणि बँक खात्यावर नामनिर्देशन असेल तर वारसदाखला किंवा हमीपत्र मागू नये, असे रिझर्व्ह बँकेने 2005 मध्येच सांगितले आहे. तेव्हा प्रत्येक खात्याचे नामनिर्देशन आजच तपासावे; निम्मे हेलपाटे तिथेच वाचतील.

मुलगा परदेशात असेल तर त्याचे मुखत्यारपत्र तेथील भारतीय वकिलातीत करता येते, किंवा तेथील नोटरीकडून करून त्यावर अपोस्टिल घेता येते. कागद इथे पोहोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते.

शेवटी बँकेत वारंवार पाहिलेली एक गोष्ट. वडील गेल्यानंतरही मुले त्यांचे मुखत्यारपत्र घेऊन खात्यातील पैसे काढायला येत. करार कायद्यानुसार देणारा वारला, किंवा त्याची बुद्धी भ्रमिष्ट झाली, की तो अधिकार सामान्यतः तिथेच संपतो. स्मरणशक्ती ढासळू लागलेल्या आई-वडिलांचा कागद ‘दिवाळीनंतर करू’ म्हणून ठेवणाऱ्या घरांनी हे ध्यानात घ्यावे.