धुराचं घर, राखेतली राय

रानातली गावं : लेखांक ६

मागच्या लेखांकात आपण दालार्नातल्या उन्हाळी गोठ्यांवर होतो. तिथून नैर्ऋत्येला उतरलं की स्वीडनचा वॅर्मलांड हा प्रांत लागतो. त्याच्या पश्चिमेला, नॉर्वेची सीमा जवळ आल्यावर, लेकवात्नेत नावाचं लहानसं गाव आहे. गाव म्हटलं की आपल्याला पार, देऊळ आणि एकमेकांना टेकलेल्या भिंती आठवतात. इथे एक चर्च, रस्त्याकडेची काही घरं, आणि मग नजर पोचेल तिथवर स्प्रूस आणि पाइनचं रान. त्या रानात टेकड्यांच्या अंगावर सुटीसुटी घरं. अशाच एका वस्तीचं नाव रितामॅकी. मॅकी म्हणजे टेकडी, पण हा शब्द स्वीडिश नाही. तो फिनिश आहे.

फिनलंड तर बाल्टिक समुद्राच्या पलीकडे. मग हे नाव इतक्या आत कसं आलं?

सोळाव्या शतकात फिनलंड स्वीडनच्याच राज्यात होता. पूर्व फिनलंडच्या साव्हो भागातली माणसं जंगल जाळून शेती करणारी. रशियाबरोबर 1570 ते 1595 अशी पंचवीस वर्षं लढाई चालली, सैन्याचा आणि करांचा भार वाढला, आणि जाळण्याजोगं जुनं रानही कमी पडू लागलं. त्याच सुमारास ड्यूक कार्ल याला, म्हणजे पुढच्या नवव्या कार्ल राजाला, आपल्या ताब्यातल्या ओसाड रानात वस्ती हवी होती. वॅर्मलांड त्याच्याच जहागिरीत होता. तिथे जाऊन राहणाऱ्याला काही वर्षं करमाफी मिळे. कुटुंबंच्या कुटुंबं निघाली. नदीकाठची जमीन स्वीडिश शेतकऱ्यांनी आधीच धरलेली होती, म्हणून हे लोक वर चढले. उंचावर त्यांचं नुकसान झालं नाही. थंड हवा दरीत साचते, त्यामुळे पिकावर पडणारं हिव टेकडीवर कमी असतं. पुढे हे लोक सीमा ओलांडून नॉर्वेतही पसरले. या साऱ्या पट्ट्याला आजही फिनस्कोगेन, म्हणजे फिनांचं रान, म्हणतात.

त्यांच्या शेतीच्या पद्धतीला हुहता असं नाव होतं. कोकणात कुमरी ज्यांनी ऐकली-पाहिली आहे त्यांना ती परकी वाटणार नाही, पण हुहतेला सबुरी फार लागते. पहिल्या वर्षी जुन्या स्प्रूसची झाडं तोडून जागेवरच आडवी टाकायची. ती किमान एक हिवाळा आणि एक उन्हाळा वाळू द्यायची. मग ऐन उन्हाळ्यात आग लावायची आणि ओंडके लांब काठ्यांनी लोटत लोटत जमीन सगळीकडे सारखी भाजून घ्यायची. कोमट राखेत राय पेरायची. राय हे गव्हाच्या नात्यातलं, थंड मुलखातलं धान्य. तिची फिनांकडची जात वेगळीच होती. पेरा इतका विरळ की दोन दाण्यांत हातभर अंतर राहावं. पहिल्या साली नुसती गवतासारखी हिरवी झुबकी येई आणि बर्फाखाली जाई. दुसऱ्या साली त्या एकेका झुबक्यातून डझनावारी ताटं उठत, माणसाच्या डोक्याहून उंच. त्या काळात युरोपातल्या साध्या शेतात पेरल्याच्या तिप्पट-चौपट निघालं तरी शेतकरी समाधान मानी. इथलं उत्पन्न त्याच्या कितीतरी पट होतं. पण हे एक-दोन पिकांपुरतंच. मग तिथे गुरं चारायची, गवत कापायचं, आणि रान पुन्हा वाढेपर्यंत निदान वीस-तीस वर्षं त्या जागेला हात लावायचा नाही.

म्हणजे मुलाने जाळलेलं रान पुन्हा जाळण्याजोगं होईपर्यंत तो आजोबा झालेला असे. अशा माणसाला रानाचा वैरी म्हणणं मला पटत नाही. पण सतराव्या शतकात त्याला तसंच म्हटलं गेलं.

कारण मधल्या काळात रानाला भाव आला. स्वीडनचं लोखंड युरोपभर विकलं जाऊ लागलं, आणि भट्ट्यांना कोळसा हवा होता, लाकडाचा. ज्या झाडांना काल कोणी विचारत नव्हतं ती आता भट्टीचं इंधन झाली. 1647 च्या जंगल-कायद्याने रान जाळण्यावर बंधनं आणली. ज्यांना राज्यानेच बोलावून वसवलं होतं ते गुन्हेगार ठरले. त्यांतल्या काहींना शिक्षा म्हणून जहाजात घालून अमेरिकेत डेलावेअर नदीकाठी धाडलं. तिथे 1638 पासून स्वीडनची वसाहत होती, आणि तिच्यात या रानफिनांचा भरणा मोठा होता. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर पेन्सिल्व्हेनियाच्या वतीने सही करणारा जॉन मॉर्टन हा अशाच एका फिनाचा वंशज.

मागे राहिलेले रानातच राहिले आणि हळूहळू गुरं, लाकूडतोड आणि कोळसा पाडण्याकडे वळले. त्यांचं घर समजून घेतल्याशिवाय मात्र हे लोक कळत नाहीत. ओंडक्यांच्या खोलीत दगडांची प्रचंड भट्टी, आणि तिला धुराडं नाही. धूर खोलीतच वर चढतो, उंच छताखाली थराने साचतो आणि छतातल्या लाकडी झडपेतून सावकाश बाहेर जातो. त्या थराखाली माणसं स्वच्छ हवेत बसलेली असतात. भिंतींवर एक सरळ रेघ उमटते, तिच्या वर काजळीचा काळा रंग आणि खाली लाकडाचा. भट्टीचे दगड एकदा तापले की आग विझल्यावरही तासन्‌तास ऊब देतात. हा दरिद्री माणसाचा नाइलाज होता असं बाहेरच्या कित्येकांना वाटलं. मला त्यात धुराची पक्की जाण दिसते.

तोच धूर आणखी दोन इमारतींत. एक रिया, म्हणजे पेंढ्या वाळवायची कोठी. तिथे धान्य उबेवर वाळे आणि त्याला कीडही लागत नसे. दुसरी सॉना. तिथे अंघोळ व्हायची, मांस धुरावायचं, बायका बाळंत व्हायच्या, आणि मेलेल्या माणसाला शेवटची अंघोळही तिथेच घालायचे. जेवणात मोट्टी. भाजलेल्या ओटचं पीठ मिठाच्या उकळत्या पाण्यात टाकून वाफवायचं आणि मोडून घ्यायचं. आपल्या तांदळाच्या उकडीला जवळचा पदार्थ. तो डुकराच्या तळलेल्या तुकड्यांबरोबर, चरबीत बुडवून, हाताने खात.

भाषा मात्र टिकली नाही. शाळा, चर्च, कचेरी सगळं स्वीडिशमध्ये, सीमेपलीकडे नॉर्वेजियनमध्ये. 1821 मध्ये कार्ल आक्सेल गोटलुंड हा फिनिश तरुण या रानातून पायी हिंडला. घरोघरी जाऊन त्याने भाषा, चालीरीती, कुळांची नावं टिपून घेतली. या लोकांना स्वतःचा जिल्हा मिळावा म्हणून त्याने आणि रानातल्या प्रतिनिधींनी स्टॉकहोमला दाद मागितली. ती फेटाळली गेली. साडेतीनशे वर्षं तग धरलेली ती फिनिश बोली वॅर्मलांडात 1960 च्या दशकात अखेरच्या बोलणाऱ्यांबरोबर गेली. त्याच दशकात, 1964 मध्ये, रितामॅकीतली शेवटची माणसंही घर सोडून गेली. आज ते घर संग्रहालय म्हणून जपलेलं आहे.

नॉर्वेने रानफिनांना राष्ट्रीय अल्पसंख्याक मानलं आहे. ग्रुए भागातल्या स्वुलरिया गावात त्यांचं संग्रहालय आहे, आणि उन्हाळ्यात त्यांचा उत्सवही तिथेच भरतो.

राहिली राय. तीही नाहीशी झाली असंच सगळे धरून चालले होते. 1970 च्या दशकात नॉर्वेच्या बाजूला एका जुन्या रियाच्या फळ्यांच्या फटीत तिचे मोजके दाणे सापडले. धुराने वाळलेले ते दाणे पेरल्यावर त्यांतले काही उगवले. त्यांच्यापासून वाढवलेलं बी आता पुन्हा शेतात पेरलं जातं आणि त्याची भाकरीही भाजली जाते.

पुढच्या आठवड्यात याच मुलखातून वाहणाऱ्या क्लाराल्व्हेन नदीकाठी जाऊ. स्वीडनमधली ओंडके वाहून नेण्याची शेवटची मोठी वाहतूक तिच्यावर होती. ती 1991 मध्ये थांबली.